शेवटची भाजणी, मुक्काम सिन्नर

लंकाबाईंच्या घरच्या सत्यनारायणाला मी केवळ प्रसादाच्या शिऱ्यासाठी गेलो होतो, हे आरंभीच नमूद करतो. पुढे या प्रकरणात माझ्या हेतूंविषयी आमच्या नाशिक रोडच्या सोसायटीत जे सिद्धान्त मांडले गेले, त्यांपैकी एकालाही त्या शिऱ्याइतका भक्कम आधार नव्हता. तीर्थ घेण्यासाठी मी वाकलो आणि चौरंगाच्या उजव्या अंगाला मला एक मानवी शिर दिसले. मातीचे, नारळाहून थोडे मोठे, आतून पोकळ. कोणीतरी त्याच्याखाली धूप पेटवून ठेवला होता आणि डोळे, नाकपुड्या, कान व तोंड अशा सर्व उपलब्ध मार्गांनी धूर बाहेर पडत होता.

मी तीर्थ सांडले. गुरुजींनी कथा थांबवून माझ्याकडे पाहिले. मी त्यांच्याकडे पाहिले नाही, कारण मी तोवर गुडघ्यांवर बसून त्या शिराचे डोळे पाहत होतो.

त्रिकोणी डोळे. बाहुलीच्या जागी आरपार भोक. कपाळाच्या वर केसांचे अंबाडे, एकेक स्वतंत्र बांधलेला. झिजलेल्या पृष्ठभागावर गारेचे आणि अभ्रकाचे कण वर आलेले. मध्य नायजेरियातल्या ज्या प्राचीन मृण्मय शिल्पांना अभ्यासक ‘नोक’ म्हणून ओळखतात, त्यांचे वर्णन मी महाविद्यालयात वर्षानुवर्षे एका ऐच्छिक विषयात शिकवायला तयार होतो. तो विषय कोणत्याही विद्यार्थ्याने कधीही घेतला नाही. इसवी सनापूर्वी काही शतके कोणा कलावंताने घडवलेले ते तोंड आता आमच्या बी विंगेत धूपदाणी म्हणून कामाला लागले होते.

“सर, बरं वाटत नाय का?” लंकाबाई घाबरून म्हणाल्या. “निकिता, पाणी आण गं!”

“हे कुठून आणलंत?” मी विचारले.

“आमच्या योगेशनं. तिकडं कडुन्याला कारखान्यात हाय ना तो. सुट्टीवर आला तवा बॅगेत घालून आणलं. तिथल्या मुकादमानं भेट दिली म्हनं.”

योगेश, लंकाबाईंचा एकुलता एक मुलगा, नायजेरियात, कडुना शहरातल्या प्लास्टिकच्या कारखान्यात यंत्रे सांभाळतो. निकिता ही त्याची पत्नी. ती इथे सासूजवळ राहते. सुट्टी संपवून योगेश कधीच परत गेला होता. शिर मात्र इथेच राहिले होते.

त्या पूजेला उपस्थित सर्वांसमोर मी एक वाक्य उच्चारले, “हे अस्सल असेल तर जगातलं कोणतंही संग्रहालय उभं राहून याचं स्वागत करील.” ते वाक्य मी उच्चारायला नको होते, असे माझी पत्नी योगिनी आजही जेवताना, विशेषतः मी चटणी मागितल्यावर, सांगते.

दुसऱ्या दिवसापासून तपासणी सुरू झाली. माझी नव्हे, सोसायटीची.

आमचे चिटणीस हिरामण खैरनार हे नोटांच्या छापखान्यातून निवृत्त झालेले गृहस्थ. आयुष्य नोटा न्याहाळण्यात गेल्यामुळे सृष्टीतील प्रत्येक वस्तू उजेडासमोर धरली की तिचे सत्य प्रकट होते, अशी त्यांची श्रद्धा आहे. आंबा, नातवाचे प्रगतिपुस्तक, नव्या भाडेकरूचे आधारकार्ड, हे सर्व ते खिडकीपाशी नेऊन पाहतात. त्यांनी शिर खिडकीपाशी नेले, डोळ्याच्या भोकातून आभाळ पाहिले आणि म्हणाले, “सर, यात तार दिसत नाही.”

“कसली तार?”

“सुरक्षेची. अस्सल मालात काहीतरी खूण ठेवतात ना हो बनवणारे. नाहीतर कोणी पण छापेल.”

मी शांतपणे सांगितले की ख्रिस्तपूर्व काळात ही पद्धत नव्हती.

“तेच तर म्हणतो,” खैरनार समाधानाने म्हणाले. “म्हणूनच नकली निघतात.”

पण उजेड हा केवळ खैरनारांचा धर्म. सोसायटीचा सार्वत्रिक धर्म वेगळा होता. माझ्या देशबांधवांना मातीची कोणतीही वस्तू दिसली की त्यांच्या उजव्या हाताचे मधले बोट आपोआप वाकते आणि त्या वस्तूवर टकटक करते. उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घेताना आपण सारे हेच करतो: खणखणीत वाजला तर पक्का, बद्द वाजला तर कच्चा. मी स्वतःही करतो. पण कच्चेपणाचा निकष लावून माठ परत करता येतो, संस्कृती नाही. नोक शिल्पे मंद आचेवर भाजलेली. त्यांचा आवाज बद्दच येणार. हा बद्दपणा त्यांच्या अस्सलपणाच्या अनेक लक्षणांतला एक. आणि नेमक्या त्याच लक्षणावर आमच्या सोसायटीने, येता-जाता, दूधवाल्यासह, त्या शिराच्या कपाळावर टिचक्या मारून निर्णय दिला: “कच्चं आहे. फसवला योगेशला.”

माझा स्वाभिमान त्या कपाळाबरोबर रोज थोडा थोडा झिजत होता. म्हणून मी ते केले जे विद्वानाने कधीही करू नये. मी एका वार्ताहराशी बोललो.

बातमी आली. ‘नाशिक रोडच्या फ्लॅटमध्ये अडीच हजार वर्षांपूर्वीचे आफ्रिकन शिर, प्राध्यापकांचा दावा.’ छायाचित्रात शिराच्या शेजारी मी होतो आणि आम्हा दोघांत अधिक प्राचीन कोण, याविषयी खैरनारांनी सोसायटीच्या सूचनाफलकापाशी उभे राहून जे भाष्य केले ते मी ऐकले नाही असे दाखवले. बातमीच्या शेवटी माझेच शब्द होते: अशा शिल्पांना त्या देशातून परवानगीविना बाहेर काढणे गुन्हा आहे, आणि हे शिर सन्मानाने मायदेशी परत गेले पाहिजे.

त्या संध्याकाळी निकिता आमच्याकडे आली. बातमीचे कात्रण तिच्या हातात होते.

“सर, गुन्हा म्हणजे कुणाचा?”

“चोरून नेणाऱ्याचा.”

“त्यांनी चोरलं नाही हो. त्यांना माहितीच नव्हतं. मुकादमानं दिलं, त्यांनी जीन्समध्ये गुंडाळून आणलं. आता तिथं त्यांच्या कामाच्या परवान्याचं नूतनीकरण चालू आहे. कुणी ही बातमी तिकडे पाठवली तर?”

मी तिला ज्ञान हे व्यक्तिनिरपेक्ष असते, असे सांगितले. हे वाक्य मी तेव्हा पूर्ण गांभीर्याने उच्चारले होते. निकिताने ते ऐकून घेतले आणि योगिनीकडे पाहिले. योगिनीने तिला चहा दिला. मला दिला नाही.

पाठोपाठ लंकाबाई आल्या. त्या बसल्या नाहीत. दारातच उभ्या राहून म्हणाल्या, “सर, माझं पोरगं तिकडं हाय. हे डोकं खरं निघालं तर त्याला आत टाकतील का नाय, तेवढं सांगा.”

“खरं निघालं तर चौकशी होऊ शकते,” मी म्हणालो. मी खोटे बोलत नाही.

“आन नाय निघालं तर?”

“तर ती शोभेची वस्तू. मग कोणी विचारणार नाही.”

“बरं,” म्हणाल्या आणि गेल्या.

खैरनारांनी बातमीच्या प्रसिद्धीचा लाभ सोसायटीला मिळावा म्हणून माझे व्याख्यान ठेवले. फलकावर विषय लिहिला होता: ‘अस्सल कसे ओळखावे?’ आणि त्याखाली, ‘व्याख्यानानंतर लगेच पाणीकपातीवर चर्चा. सर्वांनी शेवटपर्यंत थांबावे.’ सभागृह भरले होते ते पाण्यासाठी, हे मला ज्ञात होते. तरीही मी बोललो, आणि चांगला बोललो. नायजेरियात खाणकाम करताना अशी शिरे कशी सापडली, त्यातले एक शेतात बुजगावणे म्हणून कसे उभे होते, हे सांगितले. (“म्हणजे द्राक्षाच्या बागेत चाललं असतं,” मागून कोणीतरी.) बनावट करणारे जुने तुकडे जोडून नवी शिरे कशी तयार करतात, झीज ही तुटलेल्या कडेवरही सारखी का हवी, आणि सरतेशेवटी प्रयोगशाळेत मातीचे वय कसे ठरते, हे सांगितले.

“माती भट्टीत तापली की तिच्या कणांत साठलेलं सगळं पुसलं जातं,” मी म्हणालो. “ती सारं विसरते. त्या क्षणापासून ती पुन्हा नव्यानं आठवणी साठवू लागते. प्रयोगशाळा तेवढ्याच आठवणी मोजते. म्हणजे खरं तर शिल्पाचं वय आपण विचारत नाही. आपण त्याला विचारतो, बाबा रे, तू शेवटचा कधी भाजला गेलास?”

शांतता पसरली. मला वाटते, शिक्षकाच्या आयुष्यात अशी शांतता क्वचित येते. खैरनारांनी, “सर, ते पाण्याचं,” असे म्हणून ती मोडण्याआधी पहिल्या रांगेतून लंकाबाईंनी हात वर केला. त्यांनी अख्खे व्याख्यान मांडीवरची पिशवी घट्ट धरून, डोळ्यांची पापणी न लववता ऐकले होते.

“सर, किती तापलं म्हंजी इसरतं?”

“साधारण पाचशे अंशांच्या पुढे.”

“म्हंजी गॅसवर नाय व्हायचं.”

“नाही हो. विटांची भट्टी वगैरे लागते.”

“आन फुटंल का?”

“उत्तम प्रश्न!” मी म्हणालो, कारण तो खरोखरच उत्तम होता. “सहसा फुटणार नाही. डोळ्यांना, नाकाला भोकं आहेत ना, ती त्यासाठीच असावीत. आतल्या वाफेला वाट मिळते, आच सारखी लागते.”

घरी आल्यावर मी योगिनीला म्हणालो की इतक्या वर्षांत अशी जिज्ञासू विद्यार्थिनी मला लाभली नव्हती. योगिनीने हातातले ताट खाली ठेवले. “अहो,” ती म्हणाली, “त्यांच्या भावाची सिन्नरला वीटभट्टी आहे, माहीत आहे ना?” मी म्हणालो, असेल, विषयाची आवड अशीच कौटुंबिक पार्श्वभूमीतून येते.

प्रयोगशाळेशी पत्रव्यवहार मी केला. दुसऱ्या शहरातली नामांकित प्रयोगशाळा. नमुना छिद्र पाडून त्यांनीच घ्यायचा, असा नियम. शिर घेऊन मी स्वतः जाणार होतो. पण जायच्या सुमारास माझी कंबर धरली. ज्या कमरेने आयुष्यभर ग्रंथालयांच्या खालच्या फळ्यांवरची पुस्तके काढली, ती एका चपलेसाठी वाकताना अडकली. मी पलंगावर, आणि लंकाबाई पलंगाशेजारी.

“तुम्ही वाकू नका सर. डोकं मी बांधते. आमच्या घरचंच हाय. कुरियरवाल्याला निकिता देईल.”

जबाबदारीच्या त्या जाणिवेने मी हेलावलो. जो विषय काल अपरिचित होता, त्याची आज इतकी काळजी! शिर त्यांनी गोधडीत गुंडाळले, वर भुसा भरला, खोके शिवले. खोके मला दाखवायलाही आणले. मी त्यावर हात फिरवला. आत काय आहे ते मला ठाऊक होते, असा माझा समज होता.

अहवाल आला तेव्हा मी भिंतीला टेकून चालू लागलो होतो. पाकीट योगिनीने फोडले, वाचले, आणि माझ्या हाती दिले. अहवालाची भाषा संयत होती. आलेखावर एक रेष जवळजवळ जमिनीवर झोपलेली होती. निष्कर्ष असा की नमुन्याची शेवटची भाजणी अत्यंत अलीकडची असून तिचे वय मोजण्याजोगे नाही.

मी खाली बसलो. कंबर दुखली नाही. काहीच दुखले नाही. आयुष्यभराचे वाचन, ते डोळे, ते अंबाडे, ते वर आलेले अभ्रक. आणि मी एका पर्यटकी बाजारातल्या नकलेसमोर तीर्थ सांडले होते? माझ्या विद्येला एवढेही ओळखता येऊ नये?

सोसायटीत मात्र आनंद झाला. निकिताने पेढे वाटले. खैरनारांनी फलकावर लिहिले: ‘बी विंगेतील शिर नकली असल्याचे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध. सर्व संबंधितांचे अभिनंदन.’ संबंधितांत मी येतो का, हे कोणी स्पष्ट केले नाही. जिन्यात गाठून ते मला म्हणाले, “वाईट वाटून घेऊ नका सर. आमच्याकडे पण मोठमोठे साहेब फसायचे.”

मग खोके परत आले. मी ते स्वतः उघडले. गोधडी सोडवली. आणि ज्या शिराचा रंग वाळल्या मातीसारखा धुरकट तपकिरी होता, ते शिर माझ्यासमोर नव्या कौलासारखे लालबुंद होऊन बसलेले होते. डोळ्याच्या कोपऱ्यात राखेचा कण चिकटलेला. मी आयुष्यात प्रथमच, माझ्या इच्छेविरुद्ध, बोट वाकवून त्याच्या कपाळावर टकटक केली.

खणखणीत वाजले.

लंकाबाईंच्या दारात मी कसा पोहोचलो ते मला आठवत नाही. भाजी निवडत बसल्या होत्या. माझ्या हातातले शिर पाहून त्यांनी ताट बाजूला सारले. नाकारले नाही, रडल्या नाहीत.

“आमच्या भावाच्या, काळूच्या भट्टीत घातलं,” त्या म्हणाल्या. “विटांच्या मधी नीट बसवलं, इकडंतिकडं हलू नये असं. काळू म्हनला, अक्का, कच्चं राह्यलं व्हतं लय, आता पक्कं झालं.”

“लंकाबाई, तुम्ही काय केलंत तुम्हाला कळतं का?” माझा आवाज इतका थंड झाला होता की मलाच ओळखू येईना. “अडीच हजार वर्षं ती माती जे जपून होती, ते तुम्ही पुसून टाकलंत!”

“तुम्हीच सांगितलं ना सर, भट्टीत घातलं की माती सारं इसरती.” त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले. “म्हटलं, इसरू द्या. माझ्या पोराचं नाव बी इसरंल ती.”

अध्यापनाच्या प्रदीर्घ कारकिर्दीत माझे व्याख्यान इतक्या अचूकपणे समजून घेऊन, इतक्या निर्दोष पद्धतीने प्रयोगात आणणारी व्यक्ती मला दुसरी भेटली नाही. तिने माझाच पुरावा माझ्याच ज्ञानाने जाळला होता. अशा वेळी संतापावे, की गुण द्यावेत?

“आता हे तुम्हीच घेऊन जा,” त्या म्हणाल्या. “देवाजवळ ठेवायला नको वाटतंय. ते बघतंय माझ्याकडं.”

अशा रीतीने एक अस्सल, चोरून देशाबाहेर आलेले आणि शास्त्रीयदृष्ट्या नकली ठरलेले प्राचीन शिल्प माझ्या दिवाणखान्यात आले. योगिनीने ते टीव्हीशेजारी ठेवले. रोज सकाळी ते माझ्याकडे पाही आणि मी त्याच्याकडे. ते नोक आहे, हे आता जगात सिद्ध करता येणारे नव्हते, आणि ते नोक आहे, याविषयी मला तिळमात्र शंका नव्हती.

भाजण्याआधीची छायाचित्रे मी नायजेरियातल्या संग्रहालयाला पाठवली आणि घडलेले सर्व कळवले. फक्त योगेशचे नाव वगळले. का वगळले, याची मी स्वतःशी चर्चा केली नाही. तिथल्या अभिरक्षक बाईंचे उत्तर आले. त्यांनी लिहिले की पत्र त्यांनी दोनदा वाचले. की केसांची ठेवण त्यांना परिचित वाटते. की प्रमाणपत्र असो वा नसो, पाठवा.

पाठवायचे तर देशाबाहेर वस्तू नेण्याचा दाखला हवा. पुरातन वस्तूंच्या कार्यालयातल्या अधिकारी सविता मॅडम यांनी शिर टेबलावर ठेवून घेतले. बोट वाकवून टकटक केली. मी डोळे मिटले.

“प्राचीन आहे का हे?”

“आहे.”

“मग देशाबाहेर जाणार नाही. शंभर वर्षांपुढचं काही बाहेर सोडत नाही आम्ही.”

“ते आपल्या देशाचं नाहीच. मी ते त्याच्या घरी पाठवतो आहे.”

“मग इथं कसं आलं?” त्यांनी पेन उचलले. “कोणी आणलं? नाव सांगा.”

ज्ञान व्यक्तिनिरपेक्ष असते. मी तोंड उघडले. त्या पेनाच्या टोकाकडे पाहिले. आणि माझ्या तोंडून आले: “मला शेजाऱ्यांनी दिलं. शोभेची वस्तू म्हणून.”

“म्हणजे प्राचीन नाही.”

मी टेबलावरचे शिर थोडे स्वतःकडे ओढले.

“सर, एक काहीतरी ठरवा. प्राचीन असेल तर इथंच राहील, चौकशी लागेल. नसेल तर आत्ता शिक्का मारते.” मी प्रयोगशाळेचा अहवाल पुढे केला. त्यांनी वाचला, आणि मग मोबाइलवर माझीच बातमी काढून माझ्यापुढे धरली. “मग हा दावा? हा मागे घेतो असं लिहून द्यावं लागेल. आणि या रकान्यात, वस्तू प्राचीन नसल्याचं कारण.”

मी पेन घेतले. दावा मागे घेणे ही कृती आहे, विधान नव्हे. तिला खरे-खोटे लागू होत नाही, असा युक्तिवाद माझ्या मनात पूर्ण होण्यापूर्वीच माझी सही होऊन गेली होती. पदव्यांसह. कारणाच्या रकान्याशी मात्र मी थांबलो. ‘प्राचीन नाही’ हे शब्द लिहायला हात तयार होईना. मग मी त्यात जे लिहिले, त्यातले अक्षर न् अक्षर सत्य आहे: ‘शेवटची भाजणी यंदाची. ठिकाण: वीटभट्टी, मुक्काम सिन्नर.’

सविता मॅडम वाचून मोकळेपणाने हसल्या. “मग आधीच सांगायचं ना सर! उगीच वाद घालत बसलात.” आणि त्यांनी शिक्का मारला.

खोके बांधायला लंकाबाई आल्या. मी बोलावले नव्हते. गोधडी त्यांनी घरूनच आणली होती, धुतलेली. शिराचा चेहरा झाकण्याआधी त्यांनी थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले. मग भुसा भरला, सुतळी आवळली आणि गाठ मारता मारता, वर न पाहता विचारले,

“सर, इतकं लाल झालं. तिकडं गेल्यावर वळखतील ना त्याला?”

पुरावा माझ्याजवळ कोणताही नव्हता. तळटीप नव्हती, आलेख नव्हता, आणि माझ्या सहीचा कागद तर नेमके उलटे सांगत होता.

“ओळखतील,” मी म्हणालो.

संदर्भ न देता केलेले हे माझ्या आयुष्यातले पहिले विधान.